काचेआडचं कोकण: दुकानाची शोकेस कशी लावावी

शोकेस लावायची म्हटलं की दुकानदार आधी माल बाहेर काढतो आणि मग तो मांडायला जागा शोधतो. पुण्याच्या एसी दुकानात हे एकवेळ चालून जाईल. मालवण, रत्नागिरी, वेंगुर्ले, अलिबाग इथे आधी काच बघावी लागते. तिचं तोंड कुठे, ऊन किती वाजता आत शिरतं, पावसाची झड कुठल्या बाजूने बसते, हे कळलं की काय मांडायचं याचा निम्मा प्रश्न सुटतो. कारण निम्मा माल त्या काचेआड टिकणारच नसतो.

खालची मापं ६ फूट रुंद, २ फूट खोल आणि ७ फूट उंच शोकेससाठी धरली आहेत. बाजारपेठेतल्या एका गाळ्याच्या दुकानाला दाराशेजारी साधारण एवढीच जागा मिळते.

काचेचं तोंड कुठे?

एक दिवस खडू घेऊन बसा. दुकान उघडल्यापासून दर तासाला शोकेसच्या तळावर उन्हाची कड जिथे येते तिथे रेघ ओढा आणि वेळ लिहा. हे मे महिन्यात एकदा आणि डिसेंबरात एकदा करायचं, कारण दोन्ही नकाशे अजिबात सारखे येत नाहीत.

रत्नागिरी साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि तिथून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारी तो किंचित उत्तरेला असतो. त्यामुळे दक्षिणेकडे तोंड असलेल्या काचेवर ऐन आंब्याच्या हंगामात भर दुपारचं ऊन पडत नाही. पण डिसेंबरात दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ५० अंश वर असतो. काचेवर ३ फुटांचा छज्जा असेल तर तो वरच्या साडेतीन फुटांवरच सावली धरतो, खालच्या अर्ध्या भागात ऊन खुशाल आत येतं. नाताळच्या सुट्टीत पर्यटक येतात तेव्हा दक्षिणेच्या शोकेसमधल्या खालच्या वस्तू विटलेल्या दिसतात, त्याचं कारण हे.

पश्चिमेची काच सगळ्यात अवघड. दुपारी तीननंतर ऊन आडवं शिरतं आणि छज्जा कितीही पुढे काढला तरी उपयोग होत नाही. बाहेरून बांबूची चिक सोडली तर ऊन अडतं, पण शोकेसही झाकली जाते. काचेला आतून अतिनील किरण अडवणारी पारदर्शक फिल्म लावता येते. तिने रंग उडणं मंदावतं, थांबत नाही, कारण दिसणारा उजेड आणि उष्णताही रंग खातातच. म्हणून सरळ उपाय असा की पश्चिमेच्या काचेआड पितळ, माती, दगड, काच असल्याच वस्तू ठेवाव्यात आणि कापड, छापील खोकी, बाटलीतलं सरबत ठेवूच नये. कोकमाचा लाल रंग उजेडाने आणि उष्णतेने तपकिरीकडे झुकतो. तशी बाटली शोकेसमधून काढून परत विकायला ठेवली तर गिऱ्हाईक ती जुनी समजतं, आणि त्याचं चुकत नाही.

उत्तरेची काच नशिबाने मिळते. दिवसभर सारखा उजेड असतो, फक्त मे-जूनमध्ये सकाळ-संध्याकाळ थोडं तिरपं ऊन येतं. पूर्वेला साडेदहा-अकरापर्यंत ऊन, मग मोकळं.

काच आरसा होते तेव्हा

साधी काच समोरून पडणाऱ्या उजेडातला सुमारे ८ टक्के भाग परत फेकते, ४ टक्के बाहेरच्या पृष्ठभागावरून आणि ४ टक्के आतल्या. ऐकायला थोडं वाटतं. पण मे महिन्याच्या दुपारी समोरची पांढरी भिंत इतकी लखलखते की तिचे ८ टक्केसुद्धा शोकेसमधल्या सावलीतल्या मालापेक्षा जास्त भरतात. मग रस्त्यावरच्या माणसाला काचेत समोरचं दुकान, विजेच्या तारा आणि स्वतःचं तोंड दिसतं.

दिवे वाढवून याला मात देण्याचा प्रयत्न बहुतेक जण करतात. उन्हाशी दिव्याने स्पर्धा करण्यात काही राम नाही. त्याऐवजी तीन गोष्टी करा. मागची पाटी फिकट रंगाची ठेवा. काळी किंवा गडद मरून मखमल लावली की दिवसा काच पक्का आरसा होते, मग मखमल कितीही भारी असो. दुसरं, छज्जाची खालची बाजू आणि काचेसमोरची पायरी गडद रंगवा, म्हणजे काचेत उमटायला उजळ काही उरत नाही. तिसरं, मुख्य वस्तू काचेपासून ८ ते १२ इंचांवर आणा. शोकेसच्या पुढच्या भागात बाहेरचा उजेड आयता मिळतो, दोन फूट आत तो बराच कमी झालेला असतो.

दुकान नव्याने बांधत असाल तर काच वरच्या बाजूने रस्त्याकडे ५ ते १० अंश कललेली बसवून घ्या. मग तिच्यात आकाशाऐवजी जमीन उमटते. झालेल्या दुकानात मात्र हे करायला जाऊ नये, चौकट बदलायचा खर्च त्यातून निघत नाही.

तळ, पाठ आणि सांगाडा

मागच्या पाटीला एमडीएफ, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाची फळी, वापरू नका. पहिल्या पावसाळ्यात तिच्या कडा फुगतात आणि रंगाला पापुद्रे सुटतात. सुताराकडून करून घेणार असाल तर ७१० ग्रेडचा, म्हणजे पाण्याला टिकणारा, प्लाय सांगा आणि कापलेल्या कडांना प्रायमरचा हात मारून घ्या, कारण ओल कडेतूनच शिरते. वारंवार बदलायची पाटी असेल तर ५ मिमीचा सनबोर्ड, म्हणजे हलका फोमचा पत्रा, बरा. तो पाण्याला दाद देत नाही, कटरने कापता येतो, फक्त उन्हात पाठीला बाक येतो म्हणून मागून दोन लाकडी पट्ट्या हव्यात.

पाटी छतापर्यंत नेऊ नका. साडेतीन ते चार फूट पुरे. वरून दुकानात हवा आणि उजेड येतो, आणि रस्त्यावरच्या माणसाला आत कोणीतरी आहे हे दिसतं. रिकामं दिसणारं दुकान चढायला लोक कचरतात.

शोकेस पूर्ण बंद असेल तर खाली आणि वर एक-एक इंचाची चार-चार भोकं पाडून त्यांना बारीक जाळी ठोका. जाळी विसरलात तर पालीची विष्ठा पांढऱ्या कापडावर पडलेली सकाळी सापडेल. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या अशा हवेशीर शोकेसमध्ये टाकणं म्हणजे सगळ्या अरबी समुद्राची हवा सुकवायला घेणं. त्या पुड्या झाकणबंद बरण्यांत घाला, तिथे त्यांचं काम होतं.

खिळे, टाचण्या, आकडे लोखंडी नकोत. खाऱ्या वाऱ्यात महिनाभरात गंज उतरतो आणि साडीवर पडलेला गंजाचा डाग जात नाही. टाचण्या पितळी किंवा निकेल केलेल्या घ्या, स्क्रू स्टेनलेस ३०४ ग्रेडचे. अगदी समुद्रालगत असाल तर ३१६ चे. दोन्हीकडून चिकटणारी टेप ओल्या हवेत सोडते. काचेवर मिठाचा न दिसणारा थर असतो, टेप त्याला चिकटते, काचेला नाही. आधी गोड्या पाण्याने धुऊन, कोरडं करून, मग चिकटवा.

वस्तू टांगायला तंगूस, म्हणजे नायलॉनची पारदर्शक दोरी, उत्तम. ती किनाऱ्यावर जाळ्यांचं सामान विकणाऱ्या कुठल्याही दुकानात मिळते. अर्ध्या मिलिमीटरची घ्या आणि तिच्यावर एक किलोपेक्षा जास्त वजन टाकू नका. तुटायची भीती नाही, पण नायलॉन दमट हवेत पाणी पितं आणि लांबतं, त्यामुळे सोमवारी समपातळीत टांगलेली वस्तू शुक्रवारी तिरकी झालेली असते. गाठ मारताना दोरा ओला करून पाच वेढे घ्या. कोरड्या दोऱ्याची गाठ घासून कमकुवत होते.

नजर कुठे पडते

आपल्याकडे पावसामुळे दुकानाचं जोतं उंच असतं आणि शोकेसच्या मापात सगळ्यात मोठी चूक इथेच होते. समजा जोतं दीड फूट, त्यावर शोकेसचा तळ आणखी एक फूट. म्हणजे तळ रस्त्यापासून अडीच फुटांवर आला. उभ्या माणसाची नजर साधारण पाच फुटांवर. तेव्हा मुख्य वस्तूचा मध्य शोकेसच्या तळापासून अडीच फुटांवर यायला हवा, चार-पाच फुटांवर नव्हे. दुकानात उभं राहून मांडणी केली की ती हमखास दीड-दोन फूट वर चढते. मांडणी रस्त्यावरून करायची. आत एक जण, बाहेर एक जण, आणि बाहेरच्याने सांगायचं.

सहा फुटांची काच चालता माणूस दीड सेकंदात ओलांडतो. त्या दीड सेकंदात एकच गोष्ट पोचते. म्हणून शोकेसचं वाक्य एक असावं: "हापूस आला", "छत्र्या आल्या", "नवीन पैठण्या". काजू, कोकम, आगळ, खाजा, फणसपोळी, मालवणी मसाला सगळं मिळतं हे सांगायला आतले रॅक आहेत.

मांडणीचा सांगाडा त्रिकोणाचा करा, पण मधोमध शिखर घेऊ नका, ते देव्हाऱ्यासारखं दिसतं. शिखर डावीकडून एक तृतीयांशावर घ्या, उतार उजवीकडे लांब जाऊ द्या आणि उजव्या टोकाचे दीड-दोन फूट चक्क रिकामे सोडा. ही रिकामी जागा भरायचा मोह दुकानातल्या प्रत्येकाला होतो. शेजारी येऊन म्हणेल, "इकडं काय ठेवलं नाय?" ठेवू नका. त्या मोकळ्या जागेमुळेच नजर शिखराकडे जाते.

उंच-सखल करायला वेगळे स्टँड विकत घ्यायची गरज नाही. पाट, चौरंग, घडवंची, उलटी टोपली, आंब्याचं रिकामं खोकं चालतं. उंची तीन ठेवा, साधारण १०, १८ आणि ३० इंच. दोन वस्तू जवळपास एकाच उंचीच्या झाल्या तर चूक वाटते, ठळक फरक असला तर हेतू दिसतो. वस्तूंची संख्या विषम घ्या, तीन किंवा पाच. चार वस्तू डोळा लगेच दोन-दोनच्या जोड्या करून टाकतो.

जांभ्याचा चिरा शोकेसमध्ये सुरेख दिसतो, पण दोन अडचणी आहेत. तो एकट्याने उचलून सरकवायची वस्तू नव्हे, आणि त्याची लाल पूड कापडावर आणि पांढऱ्या तळावर उतरते. आधी ब्रशने झाडून, धुऊन, कडक उन्हात दोन दिवस वाळवा आणि पाणी-आधारित मॅट वॉर्निशचे दोन हात द्या. जुनं मासेमारीचं जाळं लावायचं असेल तर दोनदा साबणाने धुवा, नाहीतर चार दिवसांत दुकानात सुक्या मासळीच्या बाजाराचा वास येतो. शिवाय किनारपट्टीवरच्या दर दुसऱ्या हॉटेलात जाळं आणि शंख लावलेले असतात, त्यामुळे त्याने आता कोणाची नजर थांबत नाही.

दिवे

दोन फूट खोल शोकेसमध्ये दिवा बरोबर वस्तूच्या डोक्यावर लावला तर वरचा भाग उजळतो आणि समोरचं तोंड काळं पडतं. दिवा काचेच्या आतल्या बाजूला, वरच्या पट्टीमागे लपवा आणि वस्तूपासून दोन फूट डावीकडे किंवा उजवीकडे सरकवा. तिरपा उजेड आला की आंब्याला गोलाई येते आणि साडीचा काठ उठतो.

हिशेब असा. दिवा तळापासून साडेसहा फुटांवर, वस्तू अडीच फुटांवर, दिवा बाजूला दोन फूट आणि पुढे एक फूट. म्हणजे दिव्यापासून वस्तूपर्यंत अंतर साधारण ४.६ फूट. एवढ्या अंतरावर १५ अंशांत झोत पसरवणारा स्पॉट दिवा सव्वा फुटाचं वर्तुळ टाकतो, २४ अंशांचा दोन फुटांचं आणि ३६ अंशांचा तीन फुटांचं. मुख्य वस्तूवर एक २४ चा, बाकी भागावर एक ३६ चा, मागच्या पाटीवर हलका उजेड म्हणून वरच्या पट्टीमागे एलईडी स्ट्रिप. मुख्य वस्तू बाकीच्यांपेक्षा तिप्पट उजळ दिसली पाहिजे. सगळीकडे सारखाच उजेड असला की सगळं दिसतं आणि नजर कुठेच थांबत नाही.

आंबा, लाकूड, पितळ, मिठाई यांना ३००० केल्विनचा पिवळसर उजेड. चांदी आणि पांढऱ्या कपड्यांना ४०००. खोक्यावर सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० किंवा वर लिहिलेला बघून घ्या. स्वस्त ८० वाल्या दिव्यात लाल रंग मार खातो आणि आमसुलं काळपट दिसतात. ६५०० केल्विनची ट्यूब शोकेसमध्ये नको, तिच्याखाली हापूस कच्चा वाटतो.

दोन-तीन ७ वॉटचे स्पॉट आणि स्ट्रिप मिळून ३५ वॉटच्या आसपास भार येतो. दिवसाला आठ तास धरले तरी महिन्याला साडेआठ युनिट. दुकानाच्या इन्व्हर्टरवर हे सहज चालतं, आणि चालवावंच. लाइट गेलेल्या पेठेत एकच शोकेस उजळलेली असेल तर गावभर दिसते. ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारी डबी, मात्र शोकेसच्या बाहेर, कोरड्या जागी ठेवा आणि धूळ-पाणी आत न शिरणारा आयपी६५ चा घ्या. खाऱ्या हवेत आधी ड्रायव्हर जातो, दिवा नाही.

अक्षरं

दहा फुटांवरून आरामात वाचायला एक इंच उंचीचं अक्षर लागतं, तीस फुटांवरून तीन इंच. देवनागरीत ही उंची वेलांटी, मात्रा, उकार सोडून फक्त अक्षराच्या अंगाची मोजायची. शिरोरेषा फार जाड घेतली की लांबून "ध" आणि "घ" एक होतात. पाटी तीन-चार शब्दांची. व्हिनाइलची अक्षरं काचेच्या आतून, उलटी कापून लावा. बाहेरून लावलेली पावसाळ्यात कोपऱ्यांतून उठतात आणि उठली नाहीत तर पोरं उठवतात.

किंमत लिहा. पर्यटक विचारायला लाजतो आणि पुढे जातो. हाताने लिहिलेली स्वच्छ पाटी छापील पाटीपेक्षा बरी वाटते, फक्त खाडाखोड नको.

"देवगड हापूस", "रत्नागिरी हापूस" लिहिताना मात्र सांभाळून. कोकणातल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पेटीत दुसरीकडचा आंबा आणि काचेवर देवगड, हा खेळ अंगाशी येतो.

एप्रिलची एक शोकेस, मापासकट

हापूस विकणाऱ्याच्या शोकेसमध्ये खरा हापूस ठेवू नये. पटणार नाही, पण कारणं बघा. बंद काचेआड उष्णता साठते, पिकलेलं फळ दोन दिवसांत सुरकुततं, देठाकडे काळं पडतं आणि मग मुंग्या येतात. दुसरं म्हणजे हापूस विकला जातो वासावर, आणि वासच काच अडवते. पिकलेला आंबा दाराशी, हाताला लागेल असा सुपात ठेवा, तिथे तो आपलं काम करतो. काचेआड सावंतवाडीची लाकडी फळं ठेवा. तिथल्या कारागिरांचे लाखेच्या रंगातले लाकडी आंबे चार हातांवरून खरे वाटतात आणि हंगामभर ताजे राहतात.

लागेल ते असं: पातळ फळ्यांची रिकामी आंब्याची पेटी १, लाकडी आंबे १८, भाताचा पेंढा अर्धा किलो, चौरंग १ आणि पाट २, आंबापोळीची पाकिटं ५, अक्षरांची पाटी १.

मागच्या पाटीचा रंग चुन्यात नीळ घातलेल्या जुन्या भिंतीसारखा फिकट निळा घ्या. पिवळ्यामागे पिवळं किंवा केशरी घेतलं की आंबा त्यात विरून जातो. निळ्यावर तो उठतो, आणि रंग फिकट असल्याने काचेचा आरसाही होत नाही.

पेंढा दोन दिवस कडक उन्हात टाका, नाहीतर त्यातून किडे निघतात. पेटीच्या तळाशी चुरगळलेला कागद भरा, वर तीन इंच पेंढा आणि त्यावर आंब्यांचा एकच थर. १८ आंब्यांत पेटी भरलेली दिसते. खालचे थर कोणी बघत नाही. आंबे रांगेत लावू नका. देठ वेगवेगळ्या दिशांना, तीन-चार ठिकाणी दोन आंबे एकमेकांना टेकलेले, एखाददुसरा अर्धा पेंढ्यात बुडालेला.

आता पेटी चौरंगावर, डाव्या काचेपासून दोन फुटांवर. तिच्या मागच्या कडेखाली फळीचा तुकडा सारून ती ३० अंश पुढे कलवा. सपाट ठेवलेली पेटी रस्त्यावरून नुसती फळी दिसते, हा दोष दहातल्या आठ शोकेसमध्ये असतो. कलल्यावर आंबे घसरू नयेत म्हणून पुढच्या कडेला आतून दोन बोटं उंचीची पट्टी ठोका. आंब्याच्या थराचा मध्य तळापासून अडीच फुटांवर आला का ते बाहेरून बघा, नसेल तर चौरंगाखाली पाट घाला. उजवीकडे खाली, पाटावर, आंबापोळीची पाच पाकिटं पंख्यासारखी पसरून. मग दीड फूट रिकामं. पेटीच्या पुढे दोन आंबे सांडल्यासारखे टाका, १८ मधलेच.

आंब्याचा टाळा लावायचा मोह होईल. बंद शोकेसमध्ये पानं दुसऱ्या दिवशी वळतात. रोज सकाळी बदलणार असाल तरच लावा.

झाल्यावर रस्ता ओलांडून पलीकडे जा आणि मोबाइलवर फोटो काढून तो काळा-पांढरा करा. पेटी लगेच नजरेत येत नसेल तर दिव्याचा तोल चुकला आहे, रंगाचा नाही. तोच फोटो दुपारी बारा, संध्याकाळी पाच आणि रात्री आठला काढा. तिन्ही वेळा जमलं नाही तर संध्याकाळच्याला झुकतं माप द्या, कारण दुपारी अर्धी पेठ शटर ओढून जेवायला गेलेली असते.

जूनला सगळं उपसा

मृगाच्या आसपास पेंढा, गोणपाट, वेताच्या टोपल्या, माडाची सुकी झापं सगळं बाहेर काढा. हे सगळं ओल धरतं, आठवड्यात बुरा येतो आणि तो वास कापडात मुरतो. पुतळ्याच्या अंगात वर्तमानपत्र कोंबलेलं असेल तर काढून टाका, दमटपणात शाई उतरते. पांढरा पातळ कागद घाला.

पावसाळ्याच्या शोकेसला छत्र्या सोप्या वाटतात, पण मोठी छत्री उघडली की तीन फुटांवर जाते आणि दोन फूट खोलीत मावत नाही. तिचा घुमट काचेकडे आणि दांडा मागे करून उभी टांगा. मग घुमटाला खोली एक फूट पुरते, दांडा मात्र त्याहून मागे जातो, आणि रस्त्यावरून पूर्ण वर्तुळ दिसतं. तीन छत्र्या, एकमेकींवर दीड फूट चढलेल्या, उंचीत फूटभर फरक. रंग तीनपैकी एकच भडक.

एसी दुकानात पावसाळ्यात काच बाहेरून धुकटते, कारण गार काचेवर बाहेरची दमट हवा पाणी सोडते. पुसत बसून उपयोग नाही, पाच मिनिटांत परत येतं. एसीचा झोत काचेवरून वळवा, शोकेसची पाटी वरपर्यंत बंद करा म्हणजे गारवा काचेपर्यंत पोचणार नाही, आणि तापमान २६ वर आणा. पाटी चार फुटांवर थांबवायचा नियम अशा दुकानाला लागू नाही.

काच कोरड्या फडक्याने कधीच पुसू नका. तिच्यावर मीठ आणि तांबड्या मातीची बारीक पूड असते, ती घासली की बारीक ओरखडे उमटतात आणि ते दिव्यात चमकतात. आधी गोडं पाणी ओता, मग साबण, मग रबरी वायपर वरून खाली. हे सकाळी आठच्या आत करा, उन्हात साबण वाळून पट्टे राहतात. वाऱ्याच्या दिवसांत दर तिसऱ्या दिवशी.

किती दिवसांनी बदलायची

हे गावावर आहे. सावंतवाडी, कुडाळ, चिपळूणच्या पेठेत रोज तीच माणसं जातात. तिथे तीन आठवड्यांत शोकेस त्यांना दिसेनाशी होते, म्हणून दर पंधरवड्याला निदान मुख्य वस्तू बदला, आठवड्याच्या बाजाराच्या आदल्या संध्याकाळी. गणपतीपुळ्यासारख्या ठिकाणी गिऱ्हाईक आयुष्यात एकदाच समोरून जातं. तिथे चांगली बसलेली शोकेस दोन महिने राहिली तरी चालेल, फक्त धूळ आणि विटलेले रंग खपवून घेऊ नका.

गणपतीत दोन्हीकडे नियम मोडतो, कारण तेव्हा मुंबईचे चाकरमानी आलेले असतात आणि खरेदी चार दिवसांत उरकते. या दिवसांत माटवीची, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या फळं बांधलेल्या लाकडी चौकटीची, कल्पना शोकेसला फार जमते. ५ फूट बाय दीड फुटांची लाकडी पट्ट्यांची जाळी, साधारण ९ इंचांचे चौकोन, तळापासून सहा फुटांवर टांगलेली. त्यावर नारळ, सुपारीचे घड, कवंडळं (रानफळं) बांधायची. हे सगळं मिळून आठ-दहा किलोंच्या घरात जातं, तेव्हा इथे तंगूस नको, छताला स्टेनलेस आकडे ठोकून सुतळी किंवा तार वापरा. तेरड्याची फुलं त्याच दिवशी माना टाकतात, ती लावू नका. दिव्याचा उजेड जाळीतून खाली येतो आणि तळावर सावल्यांचे चौकोन पडतात, त्यामुळे खाली नक्षीचं कापड मांडू नका, एकरंगी घ्या. आणि सजावट म्हणून गणपतीची मूर्ती ठेवायचा विचार असेल तर तो सोडा. विसर्जनानंतर तिचं काय करायचं हा प्रश्न अकराव्या दिवशी तुमच्याच गळ्यात पडेल.

लाकडी आंबे हंगाम संपल्यावर सुती कपड्यात एक-एक गुंडाळून, झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या टाकून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेले नकोत, आत पाणी धरतं आणि लाखेचा रंग चिकट होतो. डबा माळ्यावर ठेवताना कौलांखाली गळती कुठे आहे ते आधी बघा.